तिसरा तडाखा

सोनाळ्याच्या वर, सातपुडा सुरू होतो तिथल्या अभयारण्यात एक खोल दरा आहे. मार्चमधल्या एका रविवारी मी आणि माझे भाऊजी तो दरा उतरायला गेलो. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. कचेरीत कारकून, देखणा, बोलायला गोड. डोंगरांचा नाद आम्हा दोघांनाही होता आणि कितीतरी वर्षं आम्ही बरोबरच हिंडत होतो.

या खेपेला मात्र मी हिंडायला गेलो नव्हतो. पंधरा दिवसांपूर्वी ताई जानेफळला आमच्याकडे आली होती. माझी बायको तिच्या डोक्याला तेल लावत होती, तेव्हा कानामागे टाक्यांचा ताजा वण दिसला. न्हाणीत पाय घसरला, म्हणाली. बायकोनं दार लावून पुन्हा विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनचं. मी ठरवलं, भाऊजींना एकटं गाठून विचारायचं. घरी विषय काढला असता तर चार माणसं मध्ये पडली असती, चहा झाला असता आणि सगळं मिटलं असतं.

नाक्यावर आम्हाला एक वाटाड्या मिळाला. साठीचा, काटक, हातात लाठी. माझ्याकडेही घरून आणलेली बांबूची काठी होती. उतार इतका उभा की वाळलेल्या सागाच्या पानांवर पाय ठेवला की माणूस चार हात खाली घसरायचा. अर्ध्या दऱ्यात, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला नुसता खड्डा, अशा अरुंद वाटेवर वाटाड्या पुढे गेलेला पाहून मी थांबलो.

"भाऊजी, ताईच्या कानामागं टाके कायचे हायेत?"

त्यांनी पाण्याची बाटली तोंडापासून काढली. "तिनं सांगतलं तुले?"

"तुमी सांगा."

"नवराबायकोत होते कधी कधी. तू मधात पडू नको."

मी त्यांची कॉलर धरली. त्यांनी मला छातीत धक्का दिला आणि माझी पाठ कातळावर आपटली. मी उठून त्यांच्या थोबाडीत मारली, मग पुन्हा मारली. पायाखालचे दगड सुटून खाली गडगडत गेले.

खालून वाटाड्या ओरडला, "ओ भाऊ, गप राहा. इथं अस्वलाची गुफा हाये."

मी ऐकलं, पण हात थांबला नाही. भाऊजींनी मला झटकलं आणि रागारागानं खाली निघाले. वीस पावलं गेले असतील. बाजूच्या झुडपातून काळं काहीतरी धडाडत आलं आणि त्यांच्या अंगावर उभं राहिलं. पिल्लंवाली मादी होती ती. एका फटक्यात तिनं त्यांच्या डोक्याची कातडी भुवईपर्यंत ओढली. ते पडले, ती वर बसली आणि तोंड चावू लागली. भाऊजींचा आवाज माणसाचा राहिला नव्हता.

वाटाड्या खालून लाठी आपटत, बोंबलत वर येत होता. मी आधी पोचलो. पहिला तडाखा अस्वलाच्या पाठीवर बसला, दुसरा मानेवर. तिनं माझ्याकडे तोंड फिरवलं, नाकपुड्यांतून रक्ताचे थेंब उडाले. भाऊजींनी उजवा हात वर केला होता, चेहरा झाकायला किंवा मला धरायला. तिसरा तडाखा मी त्या हातावर मारला.

अस्वल मध्ये होतं, धूळ होती, मी घाबरलो होतो. हे सगळं खरं आहे. पण हात मला दिसला होता, हेही खरं आहे.

वाटाड्याच्या लाठीनं अस्वल हटलं आणि नाल्यात उतरून गेलं. त्यानं आपलं धोतर फाडून भाऊजींचं डोकं बांधलं. आम्ही दोघं त्यांना आळीपाळीनं पाठीवर घेऊन तो दरा चढलो. तीन तास लागले. त्यांचं रक्त माझ्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. वाटाड्या वाटेत एकच वाक्य बोलला, "हात सांभाळा त्याईचा, मोडला हाये."

अकोल्याला डॉक्टरांनी विचारलं, "हा पंजा चावलेला नाही, ठेचलाय. कसा?"

"दगडावर आपटला," मी म्हणालो. वाटाड्या शेजारीच उभा होता. तो भिंतीकडे बघत राहिला.

डावा डोळा गेला. हातात सळई घातली. ताई महिनाभर त्यांच्या उशाशी होती, चमच्यानं भरवत होती. एके दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तिला खरं सांगितलं.

तिनं विचारलं, "कोनता हात?"

"उजवा."

तिनं पातेलं उचललं आणि आत गेली.

दिवाळीच्या सुमारास भाऊजींनी डाव्या हातानं तिच्यावर तांब्या फेकला. त्या दिवशी ती मुलीला घेऊन घरातून निघाली आणि परत गेली नाही. मेहकरला दोन खोल्यांत राहते, ब्लाउज शिवते. तिथं तिला माहेरही नको असतं, मी गेलो तर तासाभरात म्हणते, "जाय आता, बस भेटनार नाही."

भाऊजींना मी एकदाच जाऊन भेटलो. माफी मागायला गेलो होतो. ते ओट्यावर बसले होते.

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "एक डोळा शाबूत होता ना माहा."

"मंग कोनाले बोलले काऊन नाही?"

ते आपल्या वाकड्या बोटांकडे बघत राहिले. "त्यानं काऊन मारलं, असं इचारलं असतं लोकाईनं."

त्यांनी पाणीही विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. थोडा वेळ बसून उठलो.