पुष्पाबाईनं पुसलेलं कपाळ

अकरा वर्षं पुष्पाबाईनं गावच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवली. मग करोना आला, शाळेला कुलूप लागलं, आणि दीड वर्ष तिच्या हाताला कामच उरलं नाही. घरकाम होतं की, असं कुणी म्हणेल. पण घरात माणसं दोन. नवरा पहाटेच भाजीच्या जुड्या घेऊन चिखलीच्या बाजाराला जायचा आणि दुपारी परतायचा. दीडशे पोरांच्या अंदाजानं तांदूळ धुणाऱ्या बाईला दोन माणसांचा स्वयंपाक म्हणजे भातुकलीच. पहिल्या महिन्यात तर तिनं रोज इतका भात उरवला की शेजाऱ्यांची गायसुद्धा त्याला तोंड लावेना.

तिला चैन पडायचं नाही. दिवसाआड ती शाळेच्या फाटकापर्यंत जायची, कुलूप हलवून पाहायची आणि परत यायची. "कुलूप पळून जाते का वं?" असं तिच्या जावेनं, केसरबाईनं, एकदा हसत विचारलं, तर पुष्पाबाई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. बाई तशी तापट. मनात आलं ते तोंडावर, आणि तोंडावर आलं ते गावभर. त्यामुळे तिच्यापाशी कुणी गुपित ठेवत नसे, आणि तिलाही कधी काही लपवायची वेळ आली नव्हती.

ऑक्टोबरात पाचवीपासून पुढचे वर्ग उघडायचे ठरले. एका बाकावर एक पोर, तोंडाला मास्क, दारातच ताप मोजायचा, आणि प्रत्येक घरातून पालकाची सही असलेलं संमतीपत्र. खिचडी मात्र इतक्यात नाही. हे ऐकून पुष्पाबाईचा चेहरा पडला, तेव्हा मुख्याध्यापिका संजीवनी मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला फाटकावर उभं करते, पुष्पाबाई. ताप तुम्ही मोजायचा. आणि संमतीपत्रांसाठी माझ्याबरोबर घरोघर चला. गुरुजींना लोक चहा पाजून परत पाठवतात. तुमच्यापुढे त्यांचं तसं चालायचं नाही."

चाललंही नाही. पंधरा दिवसांत पुष्पाबाईनं चाळीस घरांचे उंबरे झिजवले. कुणाला करोनाच्या दुखण्याची भीती होती, कुणाला सोयाबीनच्या सोंगणीला हात कमी पडत होते, आणि बहुतेकांना दोन्ही. रुखमाबाई नावाची म्हातारी आपल्या नातीला, प्रतीक्षाला, एकटीच सांभाळायची. तिला धाप लागायची. चार वाक्यं बोलली की ती थांबायची. तिनं विचारलं, "पोरगी शाळेतून दुखनं तं घरी नाही आणणार ना वं?"

"मी हावो ना फाटकावर," पुष्पाबाई म्हणाली. "तापाचं एकबी लेकरू आत जाऊ देत नाही. माही जबान हाय."

म्हातारीनं अंगठा दिला.

सगळ्यात चिवट निघाला तो उकंडराव. गावाबाहेर शेतातच त्याचं घर. एप्रिलच्या लाटेत त्याची बायको गेली होती, तेव्हापासून तो आणि त्याची मुलगी राखी, दोघंच. राखी पाचवीत असताना शाळा बंद झाली आणि पोरगी कागदावरच सातवीत जाऊन पोचली. पुष्पाबाई त्या घरून चार खेपा रिकामी परतली. चौथ्या खेपेला तिनं पाहिलं, की राखी बियाण्याच्या पिशवीवरचं नाव बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून वाचतेय. हीच पोरगी पूर्वी खिचडीच्या रांगेत उभी राहून फळ्यावरचा सुविचार धडाधड वाचून दाखवायची. पुष्पाबाई स्वतः चौथीपर्यंतच शिकलेली. वाचायचं विसरायला फार दिवस लागत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पाचव्या खेपेला उकंडरावानं सही केली, पण पेन परत देताना म्हणाला, "वहिनी, माह्याजवळ एवढी एकच राह्यली. मजूर भेटून नाही राह्यले, तरी तुमच्या शब्दावर पाठवतो. पण पहिल्याच दिवशी काही भानगड झाली ना, तं मंग शाळेचं नाव काढून माह्या दारात येऊ नका."

"नाही होत भानगड," पुष्पाबाई म्हणाली.

सोमवारी शाळा दहाची, तरी ती साडेसातलाच फाटकावर हजर. टेबल, साबण, पाण्याची बादली, जमिनीवर फक्कीनं आखलेले गोल, आणि हातात ती ताप मोजायची बंदूक. गुरुजींनी तिला तीनतीनदा शिकवलं होतं. शंभराच्या वर आकडा आला तर पोराला सावलीत बसवायचं, दहा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तरीही तेवढाच आला तर घरी. कपाळ कोरडं पाहिजे. ओलं असलं तर बंदूक कमी दाखवते. पुष्पाबाईनं ते पाठ केलं होतं. एकेक पोर गोलात उभं राहत होतं आणि ती आकडा मोठ्यानं म्हणत होती. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव पॉइंट दोन. दीड वर्षात पोरं हातभर उंच झाली होती, मास्कमुळे निम्मी ओळखू येत नव्हती, तरी ती प्रत्येकाला नावानं हाक मारत होती आणि चुकली तर स्वतःच हसत होती.

राखी सगळ्यात शेवटी आली. उकंडरावानं तिला गाडीवरून आणून सोडलं. गाडी बंद न करता तो रस्त्यापलीकडेच थांबला, पोरगी आत जाईपर्यंत पाहत.

राखी गोलात उभी राहिली. डोळे लालसर. पुष्पाबाईनं बंदूक धरली.

शंभर पॉइंट आठ.

उन्हातून चालत आली म्हणावं, तर पोरगी गाडीवर आली होती. पुष्पाबाईनं पुन्हा धरली. शंभर पॉइंट सात. रस्त्यापलीकडे गाडी धडधडत होती. आता हिला सावलीत बसवलं की तो माणूस गाडी बंद करून इकडे येणार, आकडा विचारणार, पोरीला मागे बसवणार, आणि ती थेट सोयाबीनच्या सोंगणीला. पुन्हा काही ती शाळेचं तोंड पाहणार नाही. पुष्पाबाईनं पदराचं टोक बादलीत बुडवलं, राखीचं कपाळ पुसलं, एकदा नाही, दोनदा, आणि ओल्या कपाळावरच बंदूक धरली.

"सत्त्याण्णव पॉइंट नऊ," ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की रस्त्यापलीकडे ऐकू गेलं.

गाडी निघून गेली. राखी आत गेली.

पहिल्यांदा पुष्पाबाईनं स्वतःला समजावलं. साधा ताप असेल. पोरगी पहाटेपासून चुलीपुढे असेल. भाकरी थापताना कुणाचं अंग तापत नाही? मग टेबल पुसलं. पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. बादली ओतून नवीन पाणी भरलं. मग ती सातवीच्या खिडकीपाशी गेली. राखी मधल्या बाकावर, हातावर डोकं टेकून बसली होती, आणि तिच्या शेजारी, एका बाकावर एक हा नियम धाब्यावर बसवून, प्रतीक्षा येऊन चिकटली होती. दीड वर्षानं भेटलेल्या मैत्रिणी. दोघींचे मास्क हनुवटीखाली, दोघींची डोकी एकाच पुस्तकात. राखीला अडलेला शब्द प्रतीक्षा सांगत होती, आणि मागच्या बाकावरून गुरुजींची नजर चुकवून आणखी दोघी वाकल्या होत्या.

पुष्पाबाईला धापा टाकणारी रुखमाबाई आठवली. म्हातारीचा अंगठा आठवला. ती खिडकीपासून हटली, फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. सांगितलं तर राखीची शाळा गेली. नाही सांगितलं तर काय जाईल, ते तिला मोजताही येईना. असल्या तडफडीत पाऊण तास गेला. सव्वाअकराला तिला असह्य झालं आणि ती तडक कार्यालयात शिरली.

"मॅडम, राखीले ताप हाय. मले सकाळीच दिसला होता. मी ओला पदर फिरवला आन् आत सोडली."

मॅडम उठल्या आणि धावतच वर्गाकडे गेल्या. त्यांनी राखीला बाहेर बोलावलं. पोरगी दारात थांबली आणि पुष्पाबाईकडे बघून म्हणाली, "मावशी, तुम्हीच तं आत सोडलं मले."

कुणी थोबाडीत मारली असती तर पुष्पाबाईला बरं वाटलं असतं.

उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या. व्हरांड्यातच त्यांनी राखीच्या नाकात काडी घालून तपासणी केली. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. पुष्पाबाई त्या छोट्याशा पट्टीकडे दुरून पाहत होती आणि आठवतील त्या सगळ्या देवांना हाका मारत होती. पट्टीवर एकच रेघ आली. करोना नाही. तरी सिस्टरनी मलेरियासाठी रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, आणि ताप उतरल्यावर तीन दिवस घरी ठेवा म्हणून बजावलं. सातवीच्या पोरांना त्या दिवसापुरती सुट्टी दिली, बाक धुवून काढले.

मॅडमनी बंदूक गुरुजींच्या हातात दिली. "चाळीस घरं फिरलो आपण, पुष्पाबाई," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि तेच पुष्पाबाईला जास्त लागलं. "उद्यापासून फाटकावर गुरुजी राहतील. तुम्ही मागचं आवार पाहा."

"हाव," ती म्हणाली. "राखीले मात्र मीच घरी नेतो. तिच्या बापाले मलेच सांगाचं हाय."

शेताची वाट धरून दोघी चालल्या. राखी पुढे, पुष्पाबाई चार पावलं मागे. वाटेत राखी एकदाच बोलली, तेही मागे न बघता. "बाबा आता नाही पाठवणार."

उकंडराव सोंगणी करत होता. भर दुपारी पोरगी आणि मागे पुष्पाबाई, हे पाहून तो विळा हातात तसाच घेऊन धावत बांधावर आला. पुष्पाबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शंभर पॉइंट आठ सांगितलं, ओला पदर सांगितला, ओरडून म्हटलेला आकडा सांगितला. स्वतःला वाचवणारा एकही शब्द घातला नाही. उकंडरावानं राखीच्या गालाला हात लावून पाहिला आणि तिला घरात जाऊन पडायला सांगितलं.

पुष्पाबाई शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी होती.

"तपासणीत काही निघालं नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग सांगतलं काऊन? गप राह्यल्या असत्या तं कोणाले समजलं असतं?"

"तवा मले कुठं माहीत होतं भाऊ, निघणार नाही म्हणून? प्रतीक्षा तिले चिकटून बसली होती. तिच्या आजीले धाप हाय. मले एका जागी उभं राह्यवेना." आणि इथे पुष्पाबाईला रडू फुटलं. "तुमच्या पोरीची शाळा म्याच बुडवली."

उकंडराव बांधावर खाली बसला. विळ्याच्या टोकानं माती उकरू लागला.

"राखीच्या मायले चार दिवस ताप होता," तो म्हणाला. "हेच सिस्टर दारात आल्या होत्या इचाराले. राखीची माय आत चुलीपाशी पांघरूण घेऊन बसून होती. मी दारात आडवा उभा राह्यलो आन् सांगतलं, आमच्या घरी सगळे चांगले हायत. दवाखान्यात नेलं का माणूस परत येत नाही, असं वाटे मले. पाचव्या दिवशी मीच नेली. तवा दम उरला नव्हता तिच्यात."

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि गावात कुणाला माहीतही नव्हतं. पुष्पाबाईनं डोळे पुसले आणि तीही बांधावर टेकली.

"किती दिवस घरी ठेवा लागते?" त्यानं विचारलं.

"ताप उतरल्यावर तीन दिवस."

त्यानं बोटांवर मोजलं. "दोन दिवसांत उतरला तं सोमवारी."

"सोमवारी फाटकावर मी नसन भाऊ. काढलं मले मॅडमनं. गुरुजी हायत."

उकंडराव उठला. धोतराची माती झटकली.

"मॅडमले मी भेटतो," तो म्हणाला. "ज्या बाईनं खरं सांगून माह्या पोरीले वर्गातून उठवलं, तिनंच तिचा ताप मोजला पाहिजे. नाही तं मी पाठवत नाही."