सुनंदाचे खांदे

चूक माझीच. खांदे उडवून, तळहात पसरून उभ्या असलेल्या सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोटो मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मजेदार ओळी सुचवा."

भराभर ओळी आल्या. कोथिंबीर निवडत ती म्हणाली, "वाचून दाखवा की, काय म्हणतायत सगळे."

"पोळ्या आटोपल्या आणि चार पाहुणे वाढले," मी वाचलं. मग, "धुणं वाळत घातलं आणि आभाळ भरून आलं." मग, "लेकीला भाजी नको, नवऱ्याला आमटी नको." प्रत्येक ओळीला ती हसत होती. मी मात्र थक्क होत गेलो. एकाच फोटोला इतक्या ओळी चपखल बसत होत्या, कारण त्या प्रत्येक वेळी तिने खरोखरच असे खांदे उडवले होते. बोटभर वर जाऊन खाली येणारे खांदे. तेवढ्याशा हालचालीत ती केवढं काही उचलून बाजूला ठेवायची आणि पुन्हा कामाला लागायची.

पुढची ओळ आमच्या लेकीची होती. मी थांबलो.

"वाचा ना. काय लिहिलंय तिने?"

"बाबांनी आईचं माहेरचं तिकीट पुन्हा रद्द केलं."

सुनंदा हसली नाही. लेकीने अंदाजानेच लिहिलं असेल, पण फोटो मी नेमका त्याच क्षणी काढला होता.

त्याच फोटोखाली, सगळ्यांना दिसेल अशी, मी शेवटची ओळ लिहिली आणि इतरांच्या ओळींसारखीच तीही तिला वाचून दाखवली: "लेकीचं खरं आहे. सुनंदा, मी चुकलो. मला माफ कर."