अक्कांचा वर्ग होड्यांपाशी भरला

केतकीचा फोन आला तेव्हा मी डोसे घालत होते. "आई, अक्का गेल्या…" एवढंच म्हणाली. तव्यावरचा डोसा करपला, तरी मी तशीच उभी. सरोजाअक्का माझ्या लेकीच्या प्राध्यापिका, चेन्नईत नुंगंबाक्कममधल्या आमच्या शेजारीण, आणि मध्यंतरी काही महिने, खरं सांगायचं तर, माझ्या शत्रू!

झालं असं, की केतकीनं विद्यापीठातून वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी घेतली आणि मी तिला परदेशी धाडायच्या तयारीला लागले. या शिक्षणावर इथे पोट कसं भरणार, ही माझी काळजी. अक्कांचं घराणं तंजावरकडचं, मराठी जुन्या वळणाची. त्या शांतपणे म्हणाल्या, "जाऊं द्या की वो तिला. आधीं एक दिवस माझ्यासवें कोवलमला येऊं दे." बाई पोरीचं डोकं फिरवणार, या धास्तीनं मीही सोबत निघाले.

अक्कांच्या उपचारकेंद्रात चेन्नईजवळच्या किनाऱ्यावरच्या कोवलमची एक मासेवाली यायची, सेल्वीअम्मा. पक्षाघातानं तिची वाचा गेली होती. विद्यार्थिनी तिला सफरचंद, छत्री, घड्याळ अशी चित्रं दाखवत आणि ती भिंतीकडे बघत बसे. सगळ्यांनी हात टेकले होते. अक्कांनी सरळ वर्गच बसमध्ये घालून तिच्या गावी नेला. होड्यांपाशी, तिच्या रोजच्या जागी तिला बसवलं, पुढ्यात मासळीची टोपली. एक गिऱ्हाईक वाकलं, न विचारता मासे चाचपू लागलं… आणि सेल्वीअम्मा कडाडली, "तोडादे!" हात लावू नकोस! तिची सून तिथेच रडायला लागली. परतताना केतकी मला म्हणाली, "आई, परदेशात जाऊन मी कुणाला तमिळमध्ये भांडायला शिकवणार गं?" मला राग आला होता, आणि तिचं म्हणणं पटलंही होतं.

आज केतकीचं कोवलममध्ये स्वतःचं केंद्र आहे, आणि ते झकास चाललंय. तिच्याच वर्गातली मैत्रीण श्रीपेरुंबुदूरला कारखान्यातल्या कामगारांचे कान तपासते. माझी काळजी पार खोटी ठरली, आणि त्याचा मला आनंदच आहे.

शेवटी शेवटी पक्षाघातानं अक्कांचीच वाचा गेली. केतकी रोज त्यांच्याकडे जायची, पण काय चाललंय ते मला सांगायची नाही. परवा मी तिच्या केंद्रात गेले, तर बाकावर न्हावी कंगवा घेऊन बसलेला, कंडक्टरच्या गळ्यात शिट्टी. उपचाराला येणाऱ्यानं पहिल्या दिवशी आपल्या कामातली वस्तू आणायची, हा अक्कांनी घालून दिलेला नियम. न राहवून मी विचारलं, "अक्कांसाठी काय नेलं होतंस?"

"खडू," केतकी म्हणाली. "त्यांच्या हातात दिला आणि आम्ही मैत्रिणी समोर बसून मुद्दाम कुजबुजायला लागलो. त्यांच्या भुवया चढल्या. म्हणाल्या, 'गप्प बसा गे!'"

तिनं डोळे पुसले, दार उघडलं आणि कंडक्टरला आत बोलावलं.