सोनुनसाठीचं प्रसूतिगृह

झुउरा इसमानकुलोवा सतराव्या वर्षी सामूहिक शेताची हिशेबनीस झाली, ती कुणाला तिच्या हुशारीचं कौतुक होतं म्हणून नव्हे. गावातले लिहितेवाचते पुरुष सगळे लढाईवर गेले होते. पण मेंढपाळाची ही पोर कामाला वाघ निघाली. पक्षाने तिला शिकायला धाडलं, आणि पंचेचाळिशीत ती प्रजासत्ताकाची वित्तमंत्री झाली. वर्तमानपत्रात फोटो आला, खाली छापलं होतं : ‘मुक्त पूर्वेची कन्या’.

खुर्चीत बसल्यावर तिला कळलं, की मोठे आकडे मॉस्कोहून ठरूनच येतात. मंत्र्याच्या हाती उरते ती चिंधी. त्या चिंधीतून तीन वर्षं भांडून तिने खिंडीपलीकडच्या आपल्या गावासाठी प्रसूतिगृह मंजूर करून घेतलं. तिची आई बाळंतपणातच गेली होती. थोरल्या बहिणीने, बातमाने तिला लहानाचं मोठं केलं.

तेवढ्यात प्रजासत्ताकाचा सुवर्णमहोत्सव आला. चौकात पुतळा हवा, त्याला संगमरवरी जिना हवा, आणि त्यासाठी प्रसूतिगृहाचा पैसा वळवायचा होता. पक्षाच्या पहिल्या सचिवांनी तिला बोलावून घेतलं.

“कॉम्रेड इसमानकुलोवा, पोरं काय, दरवर्षी होतात. महोत्सव एकदाच येतो.”

“पण कॉम्रेड, एप्रिलपर्यंत खिंडीत बर्फ असतं. अडलेल्या बाईने जायचं कुठे?”

“तुम्हाला या खुर्चीत कोणी बसवलं, ते आठवतंय ना?”

बाहेर उपमंत्री पांतेलेयेव उभा होता. रशियन असूनही तो तिला लाडाने ‘एजे’, म्हणजे ताई, म्हणायचा. “करून टाका सही, एजे. पुढच्या वर्षी बघू की!”

तिने सही केली.

मार्चमध्ये बातमाची मुलगी सोनुन अडली. तिला घेऊन निघालेला ट्रक खिंडीत रुतला. दुपारपर्यंत सोनुन गेली, पोटातलं बाळही गेलं.

झुउरा सरकारी गाडीने गावी पोहोचली. शोकासाठी उभारलेल्या तंबूत बायका रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून आक्रोश करत होत्या. ती आत शिरणार, तोच बातमा दारात आडवी आली.

“कोण, मंत्री? अरे, मंत्रीणबाईंना बाहेर खुर्ची द्या!”

“एजे, मला आत येऊन रडू दे गं.”

“आता कशाला रडतेस? सही करताना नाही रडलीस ती?”

एकाही बाईने मान वर केली नाही. झुउरा बाहेर पुरुषांत बसली. मानाच्या पाहुण्याला देतात तसं मेंढ्याचं डोकं त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. तिला ते खावं लागलं.

राजधानीत परतल्यावर तिने जिन्याच्या वाढीव खर्चावर सही करायला साफ नकार दिला. महिन्याभरात तिच्यावरच उधळपट्टीचा ठपका आला. सभेत पांतेलेयेव उभा राहिला. “कॉम्रेड इसमानकुलोवांना आम्ही वेळोवेळी सावध केलं होतं.” या वेळी एजे नव्हतं. प्रकृतीच्या कारणास्तव तिला मोकळं केल्याचं छापून आलं, आणि तिच्या खुर्चीत तो बसला.

नऊ वर्षांनी गावात प्रसूतिगृह उभं राहिलं. फीत मंत्री पांतेलेयेव यांनी कापली. झुउराला आमंत्रण नव्हतं. ती बसने गेली आणि मागे उभी राहिली. गर्दी पांगताना बातमा समोर आली, वाकलेली, काठी टेकत. झुउरा दोन पावलं पुढे झाली.

“चांगलं बांधलंय,” परगावच्या बाईला सांगावं तसं बातमा म्हणाली, आणि शेजारणीचा हात धरून घराकडे चालू लागली.