दोरीवरचे मोजे

माझी नणंद अकरा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळली, असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो आणि विचारतो, "अरे वा! मग कुठली स्पर्धा जिंकली?" मी म्हणते, "एकही नाही." तो जितका पुढे सरकलेला असतो तितकाच मागे जातो. ही गंमत मला इतकी आवडते, की हल्ली पाहुण्यांना चहा देण्याआधीच मी ती उरकून घेते. आतल्या खोलीतून नणंद ओरडते, "वहिनी, पुरे झालं! माझी अब्रू काढायला तुला दुसरी वेळ नाही का?"

पण तिच्याबद्दल लिहायचं तर मीच लिहायला हवं. तिला स्वतःचे सामने आठवत नाहीत. माझ्याकडे मात्र त्रेपन्न डायऱ्या आहेत. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदरनी मी नऊ वर्षांची असताना सांगितलं होतं, "रोज एक पान. खाडाखोड नको, रडगाणं नको, फक्त पाहिलेलं लिही." तेव्हापासून एकही दिवस कोरा गेला नाही. माझे यजमान गेले त्या दिवशीही चार ओळी लिहिल्या आहेत.

मी लग्न होऊन आले तेव्हा ही अकरा वर्षांची होती आणि घरामागच्या गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारत असे. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर. धप्प, धप्प, धप्प. गोदामाचा मालक दोनदा तक्रार घेऊन आला. तिसऱ्यांदा आला तो भिंतीवर जाळीच्या उंचीची पांढरी रेघ मारूनच गेला. म्हणाला, "निदान नीट तरी खेळ." भिंतीशी खेळून खेळून तिचाच स्वभाव भिंतीसारखा झाला. तिकडून काहीही येवो, ही परत पाठवणार. जोर नाही, झोकदार फटके नाहीत, पण चेंडू परत. पुढे खेळाडूंमध्ये तिचं नावच 'भिंत' पडलं.

एकोणिसाव्या वर्षी तिनं जाहीर केलं की ती हाच व्यवसाय करणार. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मामंजी टपालखात्यातून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक गोष्टीची मुदत ठरवायची सवय. ते म्हणाले, "दोन वर्षं. दोन वर्षांत जागतिक यादीत तुझं नाव छापून आलं तर खेळ. नाही आलं तर शाळेत खेळ शिकवायच्या जागेसाठी अर्ज." आणि त्यांनी तो अर्ज त्याच दिवशी भरून रेडिओखाली ठेवला. फक्त सही आणि तारीख बाकी.

सासूबाईंनी एक अट वाढवली. मुलगी एकटी जाणार नाही. मग कोण जाणार? घरात रिकामं कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आमचे हे म्हणाले, "तुला फक्त बसायचं आहे आणि लिहायचं आहे. नाहीतरी घरी तेच करतेस."

इथे यादीचा नियम सांगायला हवा, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. नुसता एखादा सामना जिंकून यादीत नाव येत नसे. तीन वेगवेगळ्या स्पर्धांत, मुख्य फेरीत, निदान एकेक गुण मिळवावा लागे. मोठ्या खेळाडूंना थेट मुख्य फेरीत जागा. आमच्यासारख्यांनी आधी पात्रता फेरीतून घासत वर यायचं. दोन वर्षं आम्ही घासलो. बस, वसतिगृह, लाल मातीची कोर्टं, पाव आणि उकडलेली अंडी. खेळायचं तिनं, कपडे धुवायचे मी. दोन स्पर्धांत गुण मिळाले. तिसरा काही केल्या मिळेना. आणि दुसऱ्या वर्षातली शेवटची स्पर्धा आली.

सोमवारी पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात ती हरली.

मी पायरीवर बसले होते. ती आली, पिशवी आपटली आणि म्हणाली, "वहिनी, बाबांना लिही. तारीख टाका म्हणावं."

"आधी पाणी पी," मी म्हटलं.

"मी उद्यापासून मुलींना लंगडी शिकवणार आहे."

"लंगडीत तरी पहिली येशील."

ती हसली नाही. मी तिला तिथेच सोडून रेफरीकडे गेले. रेफरी टक्कल पडलेला, गळ्यात शिट्टी, आवाज घोगरा. त्याला विचारलं की आता काहीच मार्ग नाही का. तो म्हणाला, "एक आहे. पण तो मार्ग नाही, वाट बघणं आहे." पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांना लकी लूजर, म्हणजे हरलेल्यांतले नशीबवान, होता येतं. मुख्य फेरीतून ऐनवेळी कुणी गळालं तर तिची जागा त्यांना. रोज सकाळी साडेनऊच्या आत कागदावर सही करायची, आणि नाव पुकारल्यावर पाच मिनिटांत रॅकेट घेऊन हजर. यादीत ज्यांचं नाव वरचं त्यांचा हक्क आधी. हिचं तर यादीत नावच नव्हतं, म्हणून चौघींत ही चौथी.

"दुसऱ्याच्या पोटात दुखायची वाट बघू?" नणंद कडाडली. "मला जिंकून जायचं आहे!"

"जिंकून जायची संधी तुला आज होती, वन्सं." मी रागावले की तिला वन्सं म्हणते. "आता बसून जायची आहे. सही कर."

हरलेल्यांपैकी दोघी सोमवारीच घरी गेल्या. उरली एक डावरी, मोठ्या हसण्याची, चांगल्या मनाची मुलगी. तिनं आम्हाला एकदा आपली वेताची टोपी दिली होती आणि परत मागितली नव्हती. ती तिसरी, आम्ही चौथ्या. मंगळवारी दोघी दिवसभर बाकावर बसून राहिल्या. कुणीही गळालं नाही.

त्याच दुपारी चार वाजता मी वसतिगृहाच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले. तिथे एकच लांब दोरी होती आणि सगळ्या खेळाडूंचे कपडे तिच्यावर. लाल मातीची खोड मला दोन वर्षांत पुरती कळली होती. विटेच्या भुकटीची ती माती सुती मोज्यात शिरली की कितीही घासा, कडेला गुलाबी राहतेच. दोरीवर सगळे मोजे गुलाबी होते. फक्त हिरव्या पट्टीचे दोन जोड दुधासारखे पांढरे. नवे नव्हते, टाचेला विरले होते. म्हणजे घातले होते, धुतलेही होते, पण मातीत उतरले नव्हते.

हिरव्या पट्टीचे मोजे तिसरं मानांकन असलेल्या खेळाडूचे. ती बाई रोज सकाळी रॅकेटची पिशवी खांद्याला लावून ऐटीत बाहेर पडत असे. जात कुठे होती मग? सराव करणाऱ्या खेळाडूचे मोजे पांढरे राहूच शकत नाहीत. तिचा पहिला सामना बुधवारी सकाळी दहाला होता. कुठेतरी दुखतंय आणि ती लपवतेय, एवढं कळायला टेनिस यावं लागत नाही. कपडे धुता आले की पुरे.

मी डायरीत लिहिलं: 'मंगळवार, दुपारी चार. हिरव्या पट्टीचे मोजे, दोन जोड. पांढरे.' आणि कुणालाही सांगितलं नाही.

संध्याकाळी डावरी पाव खाताना म्हणाली, "मी सकाळच्या पावणेदहाच्या बसनं जाते. पुढच्या स्पर्धेत थेट खेळायला मिळेल. वहिनी, तुम्ही सगळं टिपून ठेवता. कुणाचं काही दुखतंय-खुपतंय का हो?"

मी घास चावला. अगदी बत्तीस वेळा चावला. मग म्हटलं, "रेफरीच्या फळ्यावर तर सगळी नावं शाबूत आहेत."

हे शंभर टक्के खरं होतं. मदरना विचारलं असतं तर त्यांनी मला गुडघ्यावर बसवलं असतं, ती गोष्ट वेगळी.

बुधवारी सकाळी नऊ वाजता नणंदेनं सही केली. कागदावर एकच सही. माझ्या पोटात आनंद मावेना, म्हणून मी तिला मोज्यांची गोष्ट सांगितली. वाटलं, मुलगी गळ्यात पडेल.

"डावरीला सांगितलंस?"

"तिनं मोज्यांबद्दल विचारलं नव्हतं."

"वहिनी!"

"वन्सं, ओरडू नकोस. दोन वर्षांत एवढी एक संधी..."

"तिची टोपी अजून माझ्या डोक्यावर आहे!" असं म्हणून ती रॅकेट हातात घेऊन बस थांब्याकडे धावत सुटली. थांबा मैलभर दूर. मी मागून ओरडले, "अगं, दहाला नाव पुकारतील!" पण भिंत एकदा पळायला लागली की ऐकत नाही.

तिकडे काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. डावरी बसमध्ये खिडकीशी बसली होती. बॅग छपरावर, सगळ्यांच्या सामानाखाली, दोरानं आवळलेली. बूट त्या बॅगेत. नणंद खिडकीखाली धापा टाकत म्हणाली, "उतर! तिसरी गळणार आहे. साडेनऊच्या आत सही कर, हक्क तुझा पहिला!"

"कोण म्हणालं? रेफरी?"

"वहिनी. मोजे पांढरे आहेत."

डावरी बघतच राहिली. मग इतकी हसली की पुढच्या बाकावरच्या आजोबांनी मागे वळून पाहिलं. "मोज्यांवर विश्वास ठेवून मी छपरावरून बॅग उतरवू? जा बाई, तुझ्या वहिनीला उन्हात बसू देऊ नकोस."

"मी तुला खरं सांगितलं हं. नंतर म्हणू नकोस."

"नाही म्हणणार. टोपी ठेव तुझ्याकडेच."

इकडे साडेनऊला, सह्यांची वेळ संपताच हिरव्या पट्टीवाली आली. पायात चपला, घोट्याला पट्टी. फळ्यावरचं नाव पुसलं गेलं. रेफरीनं कागद उचलला, शिट्टी फुंकली आणि नाव पुकारलं. नावाची मालकीण तेव्हा अजून थांब्यावरून परतीच्या वाटेवर.

"पाच मिनिटं," तो घड्याळ बघत म्हणाला. "कुठे आहे?"

"येतेच आहे," मी म्हटलं. हेही खरं होतं. कुठून, ते त्यानं विचारलं नाही. "काही फॉर्म वगैरे भरायचा असेल ना?"

"आहे. तो भरून होईपर्यंत मी थांबतो."

मी पिशवीतून शाईचं पेन काढलं. टोपण उघडलं. निब कागदाला टेकवून पाहिलं. मग कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेल्या त्या वळणदार अक्षरात नाव लिहायला घेतलं. प्रत्येक अक्षराला पूर्ण वळण, प्रत्येक शब्दानंतर टीपकागद.

"बाई, नुसतं लिहा!"

"घाईत अक्षर बिघडतं. आणि अक्षर बिघडलं की माणूस बिघडतो, असं आमच्या मदर म्हणत."

"तुमच्या मदर इथे रेफरी नाहीत."

"असत्या तर त्यांनी तुमची सही पुन्हा करायला लावली असती. काय हे कोंबडीचे पाय!"

त्यानं अभावितपणे आपली सही पाहिली. मी 'कायमचा पत्ता' या रकान्यात घराच्या मागच्या गोदामासकट सगळं लिहिलं. जन्मतारखेचा रकाना भरताना कुंपणाच्या झुडपातून टोपी दिसली. मग खाली नणंद दिसली. घामानं निथळत होती, गुडघ्याला खरचटलेलं, पण रॅकेट हातात. मी शेवटचा पूर्णविराम दिला.

समोरची उंच मुलगी आदल्या दिवसापासून तिसऱ्या मानांकनाच्या तोफखान्याची तयारी करून बसली होती. मिळाली भिंत. पहिला सेट तिनं ६-४ घेतला. मग तिला कळेना की चेंडू संपत का नाही. मी एकदा चेंडू थांबेपर्यंतचे फटके मोजले, एक्केचाळीस. त्यानंतर ती कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहायला लागली, आणि आमची मात्र मैलभर धावून अंग तापवून आलेली. दुसरा सेट ७-५. तिसऱ्यात ५-४ असताना मी डायरीत काही लिहिलेलं नाही. त्या जागी फक्त शाईचा मोठा डाग आहे. माझ्या त्रेपन्न डायऱ्यांतला तो एकच. त्याखाली: '६-४. तीन तास दहा मिनिटं. गुण मिळाला.'

दुसऱ्या फेरीत नणंद तासाभरात हरली, आणि ती हरताना आम्ही दोघी हसत होतो.

यादी टपालानं आली. मामंजी पट्टी घेऊन बसले आणि वरून एकेक ओळ खाली सरकवू लागले. सासूबाई म्हणाल्या, "अहो, शेवटून बघा ना, लवकर सापडेल." त्यांनी ऐकलं नाही. तिसऱ्या पानावर पट्टी थांबली. पाचशे अठ्ठ्याऐंशी. मामंजींनी पट्टी बाजूला ठेवली. मग रेडिओखालचा अर्ज काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या वर्षीच्या बसच्या वेळा लिहायला घेतल्या. "मात्र," ते मान वर न करता म्हणाले, "वहिनी बरोबर जाईल."

त्यापुढे नऊ वर्षं आम्ही हिंडलो. तिचा सर्वांत वरचा क्रमांक दोनशे सहा. सात वेळा ती लकी लूजर म्हणून आत गेली. त्यातल्या पाच वेळा दोरीनं मला आधी सांगितलं होतं. पण तिच्या अटीवर. मी दोरीवर जे वाचीन ते हक्क आधी असलेल्या मुलीला सांगायचं. प्रत्येकीला सांगितलं. प्रत्येकीनं मला वेड्यात काढलं. डावरी तेवढी शहाणी झाली होती. मला पाहिलं की ती आधी स्वतःचे मोजे दोरीवरून काढून घ्यायची.

आता नणंद पन्नाशी उलटलेली आहे आणि माझ्याजवळच राहते. रोज सकाळी क्लबच्या लाल मातीवर मुलींना शिकवायला जाते. गेला आठवडाभर मी तिला विचारते आहे, गुडघा कसा आहे. ती म्हणते, "एकदम ठणठणीत." सोमवारी बाल्कनीतल्या दोरीवर तिचे मोजे पांढरे होते. मंगळवारी पांढरे. मी फक्त तिच्यासमोर डायरी उघडून दोन ओळी लिहिल्या.

आज दोरीवरच्या मोज्यांना कडेला माती आहे. आणि माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत चार बोटांची खूण.

डॉक्टरांची उद्या अकराची वेळ घेतली आहे. कुंडीतली माती काळी असते, हे वन्संना मी गाडीत बसल्यावर सांगणार आहे.