ओसरीवरचे कोर्ट

सर्वोच्च न्यायालय आता टीव्हीवर दिसते म्हणून नातवाने परवा मला समोर बसवले, आणि मला आमची कुंभकोणमची ओसरी आठवली.

पन्नासच्या दशकात तिरुनागेश्वरमच्या शेताचा आमचा दावा दिल्लीला गेला होता. वकिलाचे तारखेचे पत्र आले, की त्या तारखेला वडील पागोटे बांधून, उपाशीपोटी, उत्तरेकडे तोंड करून ओसरीवर बसत. आपल्याच दाव्याला आपण गैरहजर कसे राहायचे, असे त्यांचे म्हणणे. कोणी भेटायला आले तर आई दारातूनच सांगे, “ते कोर्टात आहेत.” माणसे ओसरीवरच्या वडिलांकडे बघत आणि मुकाट्याने परत जात. चार वाजले की पागोटे उतरे, मग जेवण. आठवड्याने पत्र येई, की समोरच्या वकिलाने मुदत मागितली, पुढची तारीख पडली. अशी कितीतरी वर्षे गेली. मला त्या पागोट्याचाच राग येई, कारण घड्या मला घालाव्या लागत.

परवा टीव्हीवर कुणाचातरी दावा पुकारला गेला. वकिलाने मुदत मागितली, पुढची तारीख पडली. मिनिटसुद्धा लागले नाही.

“संपलं?” मी विचारले.

“संपलं, आजी.”

“बंद कर ते,” मी म्हटले. “एवढ्यासाठी माझे वडील दिवसभर उपाशी बसायचे.”