चीजवाल्याच्या टकलावरचा धागा

काल्मान बोडोर अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडणारा माणूस. हंगेरीतल्या ज्योर शहरात त्याची आई लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची, आणि हा दहा वर्षांचा पोरगा तिला सांगायचा की डावी कॉलर उजवीपेक्षा केसभर वर आहे. आईने ती तापलेली इस्त्री त्याच्यावर फेकली नाही, म्हणून पुढे तो इंजिनिअर झाला. बुडापेस्टच्या कारखान्यात आधी भिंगं घासली, मग जमीन मोजायच्या दुर्बिणी बनवायला शिकला. छप्पन्न साली रशियन रणगाडे आले आणि नवराबायको चिखल तुडवत सीमेपलीकडे गेले. "लोक पाव घेऊन पळाले, हा भिंग घेऊन," असं त्याची बायको एटेल्का सगळ्यांना सांगायची. वर म्हणायची, "आणि तेही ओरखडा पडलेलं!"

स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाइनच्या खोऱ्यात ओबरहाल्डन गाव आहे. तिथल्या दुर्बिणींच्या कारखान्यात तो तेरा वर्षं टिकला. गावाने त्याला सहन केलं असं म्हणणं जास्त बरोबर. शेजारणीने कौतुकाने नवीन फळी दाखवली, तर हा म्हणाला, "सुरेख आहे, फक्त तिरकी आहे." ती फळी तिच्या नवऱ्याने ठोकली होती.

आता ज्योरमध्ये मागे राहिलेली आई एक्याऐंशीची झाली होती. पत्रातलं तिचं अक्षर ओळ सोडून खाली घसरायला लागलं होतं. निर्वासिताच्या कागदावर काल्मान तिकडे गेला असता, तर परत यायची शाश्वती नव्हती. त्यासाठी स्विस पासपोर्ट हवा होता, आणि तो द्यायचा की नाही हे गावसभा हात वर करून ठरवणार होती. त्याआधी समितीचे दोघे घर बघायला येणार होते. माणूस किती स्विस झाला आहे हे या गावात कपाटाच्या वर बोट फिरवून कळतं.

एटेल्का तीन दिवस गुडघ्यांवर होती. जमीन, खिडक्या, दाराच्या कड्या, सगळं लखलखलं. राहिला तो काल्मानच्या टेबलावरचा कोळी.

"हा आज बाहेर जाणार," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? गावच्या मोजणीदाराची जुनी दुर्बीण दुरुस्तीला आली आहे. तिच्यातल्या नेम धरायच्या रेघा कोळ्याच्या धाग्याच्याच लागतात. आणि याच्यासारखा बारीक धागा अख्ख्या खोऱ्यात कुणी काढत नाही."

"तुझी आई तिकडे वाट बघत बसली आहे, आणि तू कोळ्याचं कौतुक सांगतोयस?"

आईचं नाव निघाल्यावर तो उठला. कोळ्याला सिगारच्या डबीत घालून त्याने डबी कपाटावर ठेवली. पण जीव गुदमरेल म्हणून झाकण किंचित उघडं ठेवलं. किंचित म्हणजे चार मिलिमीटर. त्याने मोजलं होतं.

चीजच्या दुकानाचे मालक त्सेल्वेगर आणि शाळामास्तर नेफ बरोबर तीनच्या ठोक्याला आले. त्सेल्वेगरांचं टक्कल घरातल्या काचांइतकंच चकाकत होतं. वही उघडून त्यांनी विचारलं, "तळघरात कपडे धुवायची तुमची पाळी कधी?"

"दर तिसऱ्या गुरुवारी," एटेल्का म्हणाली.

"आणि रविवारी?"

"रविवार विश्रांतीचा. दोरीवर रुमालसुद्धा दिसणार नाही."

त्सेल्वेगर खूश झाले. अक्रोडाच्या केककडे त्यांनी हात नेला, आणि त्याच वेळी कपाटावरून कोळी सावकाश उतरला तो थेट त्यांच्या टकलावर.

एटेल्काच्या तोंडचं पाणी पळालं. काल्मानच्या तोंडाला मात्र पाणी सुटलं. इतका लांब, इतका सरळ धागा त्याने वर्षभरात पाहिला नव्हता. खिशातलं धागा गुंडाळायचं तारेचं बेचकं काढून तो पुढे सरसावला.

"साहेब, हलू नका!"

"काय आहे डोक्यावर?"

"काही नाही, कोळी आहे. श्वास जरा हळू घ्या, धागा थरथरतोय."

त्सेल्वेगर केकचा तुकडा हवेत धरून पुतळ्यासारखे बसले. काल्मान बेचक्यावर फेरे गुंडाळत राहिला. बारा, तेरा, चौदा. एटेल्का भिंतीकडे तोंड करून देवाला आणि नवऱ्याला आळीपाळीने शिव्या घालत होती. मास्तर नेफ हसू दाबता दाबता खोकत होते. शेवटी कोळी डबीत गेला आणि त्सेल्वेगरांनी रुमालाने टक्कल पुसलं. कशासाठी हा खटाटोप, हे त्यांनी विचारलं. काल्मानने मोजणीदाराच्या दुर्बिणीचं सांगितलं. त्यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. एटेल्काला उलट बाजूने एवढंच वाचता आलं: 'कोळी, नग एक.'

"माझी तीन दिवसांची मेहनत!" ते गेल्यावर ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. काल्मान पहिल्यांदाच हातातलं बेचकं बाजूला ठेवून नुसता बसला. आईला काय लिहायचं हे त्याला सुचेना.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. उमेदवारांनी बाहेर व्हरांड्यात थांबायचं असा रिवाज. दारातून त्सेल्वेगरांचा आवाज ऐकू येत होता. "घर स्वच्छ. बाई नेटकी. एक कोळी आढळला, तो कामावर होता. माझ्या डोक्यावरून जो धागा निघाला, त्यानेच उद्या तुमच्या कुरणांच्या हद्दी मोजल्या जाणार आहेत. माणूस अडाण्यासारखा वागला, पण काम अर्धवट टाकलं नाही. माझा हात वर."

"कोळ्यालाही पासपोर्ट द्यायचा का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"त्याला गरज नाही. तो जन्माने इथलाच आहे."

हशा पिकला. मग हात मोजले गेले. हात मोजणाऱ्या एकाचे बाजूने त्र्याऐंशी आले, दुसऱ्याचे पंच्याऐंशी. विरुद्ध साठच्या आसपास. "चालतंय," अध्यक्ष म्हणाले. "मंजूर."

काल्मान ताडकन उठला. "दोनचा फरक! पुन्हा मोजायला हवेत."

एटेल्काने त्याचा कोट मागून दोन्ही हातांनी धरला. "एक पाऊल आत टाकलंस तर मीच विरुद्ध मत देईन."

"तुला मत नाही."

"मग लाथ देईन. बस खाली."

तो बसला, पण चुळबुळत. थोड्या वेळाने त्याने खिशातून कार्ड काढलं, पेन उघडलं आणि अडला. "आईला नक्की किती मतं लिहू?"

"मतं कशाला? 'येतोय' लिही," एटेल्का म्हणाली, आणि नाक पुसायला तिने त्याचाच रुमाल ओढून घेतला.